आधी स्कॅन, मग सुरी

शवविच्छेदनाआधी मृतदेहाचं सीटी स्कॅन करायचं ठरलं की आमची पहिली नजर जाते ती बॉडी बॅगच्या चेनवर. चेन धातूची असेल तर ती नेमकी छातीच्या मध्यावरून जाते आणि चित्रात काळ्या-पांढऱ्या रेघांचे फटकारे उमटवते. बरगडीचं बारीक फ्रॅक्चर त्या रेघांत गडप होतं. म्हणून बॅग प्लास्टिकच्या चेनचीच हवी. तशी नसेल तर चेन अंगाच्या कडेला येईल अशी बॅग फिरवून घ्यायची. यंत्र किती स्लाइसचं आहे, ही चर्चा त्यानंतर.

पद्धत तशी जुनी होत आली. स्वित्झर्लंडमधल्या बर्न विद्यापीठात मिखाएल थाली, रिचर्ड डिर्नहोफर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९०च्या दशकाच्या अखेरीस हे काम पद्धतशीर सुरू केलं आणि त्याला ‘व्हर्टॉप्सी’ हे नाव मिळालं. मेलबर्नच्या न्यायवैद्यक संस्थेत २००५ पासून शवागारातच सीटी यंत्र आहे. दिल्लीच्या एम्समध्ये मार्च २०२१ मध्ये यासाठी खास केंद्र सुरू झालं. आम्ही नाशिकमध्ये काम करतो ते मात्र जिवंत रुग्णांच्याच यंत्रावर, ओपीडी आटोपल्यावर, मागच्या दाराने. शवागारात स्वतःचं यंत्र नसलेल्या ठिकाणी हे कसं जमतं आणि कुठे फसतं, एवढंच इथे लिहिलं आहे.

कागदपत्रांचा क्रम नेहमीच्या पीएमचाच, म्हणजे शवविच्छेदनाचाच. पोलीस ठाण्यातली एडीची (अकस्मात मृत्यूची) नोंद, इन्क्वेस्ट (मरणोत्तर) पंचनामा, तपासी अधिकाऱ्याचं मागणीपत्र. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १९४, आणि कोठडीतला मृत्यू असेल तर कलम १९६ खाली दंडाधिकाऱ्यांची चौकशी. स्कॅन हा पीएमचाच भाग धरायचा आणि पीएम क्रमांकाखालीच नोंदवायचा. नातेवाईक हमखास विचारतात, “डॉक्टर, मशीनमध्येच सगळं कळणार असेल तर चिरायचं कशाला?” याचं सरळ उत्तर द्यावं: सगळं कळत नाही. कुठे चिरायचं आणि कुठे जास्त वेळ द्यायचा, ते कळतं. संध्याकाळच्या आत अमरधाम स्मशानभूमीत पोचायची घाई असलेल्या घरच्यांना स्कॅनमुळे पाऊण तास जास्त लागेल हे आधीच सांगितलेलं बरं.

शवागारातली तयारी अर्धं काम आहे. कपडे काढायचे नाहीत, जखमा धुवायच्या नाहीत, हातांना कागदी पिशव्या बांधलेल्या असतील तर त्या तशाच ठेवायच्या. ईसीजीचे चिकटवलेले इलेक्ट्रोड, श्वासनळीतली नळी, छातीत घातलेला ड्रेन, सलाइनची सुई, यातलं काहीही उपटायचं नाही. नळी श्वासनळीत होती की अन्ननलिकेत, ड्रेन फुप्फुसात घुसला होता का, हे प्रश्न नंतर येतातच, आणि त्यांचं उत्तर नळी जागेवर असतानाच्या चित्रात असतं. खिशातली नाणी, किल्ल्या, मोबाइल मात्र पंचांसमोर काढून मुद्देमालात घ्यायला लावायचं. कमरेचा पट्टा कपड्यावरच्या पुराव्याचा भाग असेल तर तो राहू द्यायचा आणि त्या जागेवर रेघा येणार हे धरून चालायचं. बॅग दुहेरी हवी. आतली गळाली तर यंत्राच्या टेबलाच्या फटीत द्रव शिरतो, आणि सकाळी तिथे जिवंत माणूस झोपणार असतो.

ताठरता असलेले हात हा कायमचा त्रास. जिवंत माणसाला हात डोक्यावर घ्यायला सांगतात, कारण हात धडाशेजारी असले की क्ष-किरणांना जास्त जाडी भेदावी लागते आणि पोटात आडव्या रेघा येतात. मृताचे हात जबरदस्तीने वर केले तर ताठरता मोडते, खांदा निखळू शकतो, आणि ती इजा कुणाच्या खात्यावर जाणार? आम्ही हात पोटावर आणून, खाली फोमची उशी देऊन, कापडी पट्टीने सैल बांधतो. हात आणि धड यांत थोडी हवा राहिली तरी फरक पडतो.

जळालेल्या देहाची अडचण वेगळी. उष्णतेने स्नायू आखडतात आणि कोपरं, गुडघे मुष्टियोद्ध्यासारखे बाहेर येतात. यंत्राचं तोंड बहुधा ७० ते ७८ सेंटिमीटर व्यासाचं असतं. टेबलावर घेतल्यावर कोपर अडकतंय हे कळण्यात अर्थ नाही, म्हणून शवागारात प्लंबिंगच्या पाइपचं ७० सेंटिमीटरचं कडं करून ठेवावं. बॅगेसकट देह त्यातून सरकला तर पुढे न्यायचा. कडं खर्चाला काहीच नाही आणि रात्रीची एक फेरी वाचवतं.

देह गोठलेला नको. शीतपेटी २ ते ४ अंशांची असेल तर हरकत नाही. डीप फ्रीजरमधून थेट आणलेल्या देहात मेंदूत बर्फ झालेला असतो आणि बर्फ पाण्याहून कमी घनतेचा असल्याने तो भाग काळा दिसतो. ज्याला माहीत नाही तो तिथे इन्फार्क्ट (रक्तपुरवठा तुटून मेलेला भाग) लिहून मोकळा होतो.

यंत्राच्या खोलीत आल्यावर पहिली गोष्ट नोंदणी. पेशंट आयडीच्या रकान्यात पीएम क्रमांक आणि पोलीस ठाण्याचा एडी क्रमांक, पुढे ‘पीएम’ अशी खूण. अनोळखी देहाला काहीतरी नाव आणि १ जानेवारीची जन्मतारीख देऊन टाकायची सवय वाईट. तशाच नोंदीचा जिवंत रुग्ण पुढे आला तर पॅक्समध्ये (चित्रं साठवणाऱ्या संगणक प्रणालीत) दोघांची चित्रं एका खात्यात जातात. यंत्राचा आपोआप वाजणारा “श्वास घ्या, रोखून धरा” हा आवाज बंद करायचा. सोबत आलेल्या हवालदारांसाठी तरी.

त्यानंतर उजव्या पावलाशी बॅगेवर एक छोटी धातूची खूण चिकटवतो. कारण असं की बहुतेक यंत्रांचं टेबल डोक्यापासून पायाच्या बोटांपर्यंत एका दमात पोचत नाही. डोकं-धड एका फेरीत होतं, मग देह उलटा फिरवून पाय आधी आत न्यावे लागतात. तंत्रज्ञाने यंत्रात ‘डोकं आधी’ हे बदलून ‘पाय आधी’ केलं नाही, तर डावं-उजवं उलटतं. उजव्या मांडीचं फ्रॅक्चर डाव्या मांडीत जातं आणि चित्रात या उलटापालटीचा मागमूस नसतो. धातूची खूण असेल तर चूक तिथल्या तिथे सापडते.

रेडिएशनची चिंता नसल्याने डोस वाढवता येतो, डोस आपोआप कमी करणारी सोय बंद ठेवता येते. पण यंत्राची क्ष-किरणांची नळी तापते. सगळं अंग बारीक स्लाइसने जास्तीत जास्त करंटवर घ्यायला गेलात तर यंत्र मध्येच थांबून नळी थंड व्हायची वाट बघायला लावतं. म्हणून वाटणी करावी. डोकं आणि मान वेगळी घ्यायची, १२० केव्ही, ०.६ मिलिमीटरच्या आसपासची स्लाइस, आणि चित्राचं क्षेत्र २५ ते ३० सेंटिमीटरपुरतं आवळलेलं. धड १ मिलिमीटर, क्षेत्र ५० सेंटिमीटर. पाय त्याहून सढळ चालतात. मानेचं चित्र धडाच्या ५० सेंटिमीटरच्या क्षेत्रातून नंतर मोठं करून बघू, असं म्हणणारे भेटतात. ते चालत नाही. चित्र ५१२ गुणिले ५१२ ठिपक्यांचंच असतं. क्षेत्र ५० सेंटिमीटर असेल तर एक ठिपका जवळजवळ १ मिलिमीटरचा होतो, २५ असेल तर अर्ध्या मिलिमीटरचा. गळ्यातल्या हायॉइड हाडाच्या शिंगाचं फ्रॅक्चर या फरकात दिसतं किंवा दिसत नाही.

प्रत्येक भागाची पुनर्रचना किमान दोनदा करायची: हाडांसाठी तीक्ष्ण कर्नल (चित्र किती धारदार काढायचं ते ठरवणारी गणिती चाळणी), मऊ भागांसाठी सौम्य. छातीसाठी फुप्फुसांची वेगळी. स्लाइस एकमेकींवर थोड्या चढलेल्या हव्यात, नाहीतर त्रिमितीत कवटीवर पायऱ्या दिसतात. गोळी किंवा छर्रे असतील तर विस्तारित घनतामापन चालू करायचं, कारण नेहमीचं मापन ३०७१ एचयूला (हाउन्सफील्ड युनिट, सीटीतलं घनतेचं माप) संपतं आणि त्याच्या वरचे सगळे धातू एकसारखे पांढरे दिसतात. चित्रांची संख्या सहज पाच-सहा हजारांवर जाते. एक चित्र सुमारे अर्धा एमबी, म्हणजे एका देहामागे ३ जीबी. पॅक्सवरच्या जागेचा हिशेब आधी करा. काही ठिकाणी बारीक स्लाइस ठरावीक दिवसांनी आपोआप पुसल्या जातात आणि फक्त ५ मिलिमीटरच्या जाड स्लाइस उरतात. खटला उभा राहतो तेव्हा नेमक्या बारीकच हव्या असतात.

आता वाचन, आणि खरी मेख इथे आहे. रेडिओलॉजिस्टची नजर जिवंत माणसावर घडलेली असते. मृत्यूनंतर रक्त खाली उतरतं आणि फुप्फुसांच्या मागच्या भागात धुरकट पांढरेपणा येतो. जिवंतात तो न्यूमोनिया. हृदयात आणि महाधमनीत रक्ताच्या पेशी तळाला बसून आडवी पातळी दिसते, महाधमनीची भिंत उजळ दिसते. जिवंतात महाधमनीची भिंत आतून फाटल्याची शंका यावी. मेंदूतला करडा-पांढरा फरक पुसट होतो, जिवंतात सूज. यकृताच्या रक्तवाहिन्यांत वायू. जिवंतात आतडं सडल्याची खूण, आणि एप्रिल-मेच्या नाशिकात उशिरा सापडलेल्या देहात ही निव्वळ कुजण्याची सुरुवात. उलट न्यायवैद्यकातल्या आमच्या मंडळींना हे बदल ठाऊक असतात, पण अक्षीय (आडव्या) चित्रात कवटीचा शिवण-सांधा कोणता आणि फ्रॅक्चर कोणतं यावर ते अडखळतात. म्हणून एकच नियम: दोघांनी एका पडद्यासमोर बसून वाचायचं, देह टेबलावर घ्यायच्या आधी. लेखी रिपोर्ट दुसऱ्या दिवशी येणार असेल तर स्कॅनचा निम्मा उपयोग गेला. सुरी तोवर चाललेली असते.

महामार्गावरच्या दुचाकीस्वाराचं उदाहरण घेऊ. मुंबई-आग्रा रस्ता, नाशिक-पुणे रस्ता, सिन्नरचा पट्टा, अशा देहांना तोटा नाही. आधी चित्र तिन्ही प्रतलांत बघायचं: आडवं, उभं समोरून, उभं बाजूने. आडव्या स्लाइसला समांतर गेलेली कवटीची भेग आडव्या चित्रात सुटते, समोरच्या प्रतलात ठळक दिसते. रक्त ५० ते ८० एचयू, मेंदू ३० ते ४०. साकळलेल्या रक्ताचं मोजमाप कवटी उघडण्याआधीच इथे घ्यायचं, कारण करवत चालली की मेंदूच्या आवरणाखालचं पातळ रक्त सांडतं आणि पुढे उरतो तो अंदाज. करवतीनेच नवीन भेगाही पडतात. आधीचं चित्र असेल तर भेग अपघाताची की करवतीची हा वाद मिटतो.

डोकं आणि मानेचा जोड हा सीटीचा हुकमी प्रांत. नेहमीच्या पीएममध्ये मान मागून उघडली जातेच असं नाही, आणि पहिल्या-दुसऱ्या मणक्याचं निखळणं तसंच राहून जातं. चित्रात ते दिसलं की मागून उघडायचा निर्णय होतो. सावधगिरी एवढीच की ताठरतेत डोकं एका बाजूला वळलेलं असेल तर पहिला मणका दुसऱ्यावर फिरलेला दिसतो. ते निखळणं नव्हे. आजूबाजूला रक्त नाही, अस्थिबंध शाबूत, तर वळलेली मान समजावी. खांद्याचं पातं, कटीचा मागचा भाग, चेहऱ्याची हाडं, यांतही सीटी विच्छेदनापेक्षा सरस. चेहरा फाडून बघायला कुणालाच नको असतं.

बरगड्यांबाबत घाई नको. छातीवर दाब देऊन हृदय चालू करायचा प्रयत्न झाला असेल तर दुसरी ते सातवी या पुढच्या बरगड्या दोन्ही बाजूंनी, बऱ्यापैकी सारख्या, फक्त आतल्या कवचाला मुडपलेल्या सापडतात. आपत्कालीन विभागाचे कागद सोबत असल्याशिवाय या बरगड्यांवर भाष्य करू नये. छातीत अडकलेली हवा मात्र चित्रात इतकी उघड दिसते की पाण्याखाली छातीला छेद देऊन बुडबुडे बघायची जुनी चाचणी करायची की नाही, हे आधीच ठरतं. हवा आहे असं दिसलं की चाचणी करूनच छाती उघडायची. नंतर कितीही म्हटलं तरी ती करता येत नाही.

गळफासाच्या देहात आमचा भर चित्रावर कमी आणि हातावर जास्त. तरुणांत थायरॉइड कूर्चा कठीण झालेली नसते, ती सीटीत नीट उमटत नाही. हायॉइडची मोठी शिंगं मधल्या भागाशी जुळलेली नसतात आणि तो सांधा तुटल्यासारखा दिसतो. शेजारी गव्हाच्या दाण्याएवढी कूर्चा असते, तिला तुटका तुकडा समजण्याची चूक नेहमीची. त्याहून महत्त्वाचं म्हणजे गळ्याच्या स्नायूंतला पातळ रक्तस्राव, ज्यावर गळा दाबला की फास बसला हे बरंच ठरतं, तो सीटीत बहुधा दिसत नाही. तेव्हा मेंदू आणि छातीतले अवयव काढून, मानेतलं रक्त ओसरल्यावर, थराथराने मान सोडवणं याला पर्याय नाही. स्कॅनमध्ये मान ‘नॉर्मल’ दिसली म्हणून ही पायरी गाळणं धोक्याचं.

गंगापूर धरण किंवा गोदावरीच्या पात्रातून काढलेल्या देहात नाकाभोवतीच्या पोकळ्यांत, विशेषतः मागच्या स्फिनॉइडमध्ये, पाणी दिसतं. श्वासनलिकांत वाळूचे उजळ कण दिसले तर ते पाणी ओढल्याच्या बाजूने बोलतात. पण पोकळीतलं पाणी इतर मृत्यूंतही सापडतं, त्यामुळे त्यावर एकट्याने बुडून मृत्यू लिहिता येत नाही. डायटमसाठी (पाण्यातल्या सूक्ष्म शैवालांसाठी) नमुना घ्यायचाच.

द्राक्षबागांच्या पट्ट्यात फवारणीचं औषध पोटात गेलेले देह येतात. तिथे सीटी जवळजवळ मुकं. जठरात काही आहे एवढं दिसेल, न विरघळलेल्या काही गोळ्या उजळ दिसतील, विष कोणतं हे नाही. व्हिसेरा राखून सीलबंद करून न्यायसहायक प्रयोगशाळेकडे पाठवणं हेच काम. हृदयविकाराचंही तसंच. धमनीत कॅल्शियम दिसतं, ती बंद झाली होती का ते साध्या स्कॅनमध्ये दिसत नाही. फुप्फुसाच्या धमनीतली गुठळी जिवंतपणीची की मृत्यूनंतर साकळलेली हेही कळत नाही. ब्रिटनमध्ये १८२ मृतदेहांवर झालेल्या आणि २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सीटीवरून काढलेलं मृत्यूचं कारण आणि विच्छेदनातलं कारण यांत मोठी तफावत ३२ टक्क्यांत आढळली, एमआरआयमध्ये ४३ टक्क्यांत. ‘चिरफाडीशिवाय पीएम’ अशा बातम्या आल्या की हे आकडे समोर ठेवावेत.

धमन्यांत औषध सोडून अँजिओग्राफी केली तर हे चित्र बरंच सुधारतं. स्वित्झर्लंडमधल्या लोझानच्या पद्धतीत मांडीच्या धमनी-शिरेत नळ्या घालून पंपाने तेलकट द्राव सोडतात, धमन्यांच्या टप्प्यात १२०० मिलिलिटर, शिरांच्या टप्प्यात १८००, आणि मग आणखी ५००. आम्ही ते करत नाही. पंप नाही, आणि द्रावाचा खर्च परवडत नाही. करणाऱ्यांनी रक्त, लघवी आणि डोळ्याच्या बुबुळामागचा द्रव आधी काढून ठेवावा, एवढं पथ्य.

गोळीच्या केसमध्ये संपूर्ण देह स्कॅन केल्याशिवाय सुरी लावू नये. शिरलेल्या आणि बाहेर पडलेल्या जखमांचा हिशेब जुळला नाही तर गोळी कुठेतरी आहे. कधी ती रक्तवाहिनीतून भलतीकडे गेलेली असते. सगळ्यात उजळ ठिपके पुढे आणणाऱ्या एमआयपी चित्रात ती काही सेकंदांत सापडते. कवटीच्या हाडात शिरतानाचं भोक आतल्या बाजूला पसरट असतं, बाहेर पडतानाचं बाहेरच्या बाजूला. गोळी बोटांनी किंवा रबर लावलेल्या चिमट्याने काढायची; उघड्या धातूच्या चिमट्याचे ओरखडे गोळीवरच्या बंदुकीच्या नळीच्या खुणांवर बसतात.

रंगीत त्रिमितीय चित्र कोर्टात सगळ्यांना आवडतं, आणि म्हणूनच त्याची भीती वाटते. ते घनतेची एक रेषा ठरवून बनवलेलं असतं. रेषा वर घेतली की डोळ्याच्या खोबणीची पातळ हाडं नाहीशी होऊन भोकं पडतात, खाली घेतली की भेगा बुजतात. निदान नेहमी तिन्ही प्रतलांतल्या मूळ चित्रांवर करायचं, त्रिमिती फक्त दाखवण्यासाठी. कोणती रेषा, कोणती कर्नल, किती जाडीची स्लाइस हे चित्राखाली छापायचं. उपयोग आहेच: दोन वारांच्या भेगा छेदतात तिथे नंतरची भेग आधीच्या भेगेवर येऊन थांबते, आणि वारांचा क्रम कवटी हातात न घेता दाखवता येतो. रक्ताने माखलेल्या फोटोंपेक्षा हे बघणं सोपं, नातेवाइकांनाही.

कातडीवरचं काही सीटीत येत नाही. टायरचा ठसा, चाव्याची खूण, पट्ट्याचे वळ यांसाठी फोटोग्रामेट्री: मोजपट्टी ठेवून, चारही बाजूंनी, प्रत्येक फोटो आधीच्यावर ६० ते ८० टक्के चढेल असे फोटो, फ्लॅशची चमक मारायला पोलरायझिंग फिल्टर. हे स्कॅनशी जुळवायचं असेल तर सीटीत दिसतील असे चिकट मार्कर कातडीवर स्कॅनच्या आधी लावावे लागतात. नंतर लावून उपयोग नाही. त्यामुळे अशी खूण आहे का हे बॅग बंद करायच्या आधीच बघायचं.

औरंगाबाद रोडवर ऑक्टोबर २०२२ मध्ये बस पेटली तशा घटनेत, किंवा सिंहस्थाच्या गर्दीत काही विपरीत घडलं तर, स्कॅनचा उपयोग ओळख पटवण्यासाठी अधिक. दात, त्यांतलं फिलिंग, कपाळामागच्या पोकळीचा आकार, मांडीतला रॉड हे सगळं बॅग न उघडता टिपता येतं. जुना एक्स-रे किंवा दंतवैद्याची नोंद मिळाली की जुळवायचं. जळालेल्या कवटीत हाड आणि मेंदूचं आवरण यांच्यामध्ये जमलेलं रक्त उष्णतेनेही साठतं, मारहाणीचंच असेल असं नाही. त्यात वायूचे बुडबुडे असले, ते करपलेल्या हाडालगत असलं, तर उष्णतेचं समजावं.

शेवटची पायरी डेटाची, आणि ती त्याच रात्री करायची. मूळ डायकॉम फाइली (यंत्रातून निघालेली मूळ चित्रं), सगळ्या बारीक स्लाइससकट, दोन डिस्कवर. जेपीईजी काढून दिलेला फोटो पुराव्याला अपुरा, त्यात मोजमाप करता येत नाही. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली जोडायच्या प्रमाणपत्रात आता हॅश मूल्याचा, म्हणजे फाइल बदललेली नाही हे दाखवणाऱ्या आकड्याचा, रकाना आहे. एसएचए-२५६ पद्धतीने ते मूल्य काढून प्रमाणपत्रात, पीएम रजिस्टरमध्ये आणि डिस्कच्या पाकिटावर लिहायचं. भाग ‘अ’ यंत्र ज्याच्या ताब्यात आहे त्याने, भाग ‘ब’ तज्ज्ञाने भरायचा. एक डिस्क लाखेचं सील करून तपासी अधिकाऱ्याला पोच घेऊन द्यायची, दुसरी विभागात. पीएम अहवालात स्कॅनमध्ये काय दिसलं आणि विच्छेदनात काय सापडलं हे वेगवेगळ्या परिच्छेदांत लिहावं, आणि दोन्हींत फरक असेल तर तो तसाच नोंदवावा. फक्त चित्रात दिसलेली इजा ‘आढळली’ म्हणून जखमांच्या रकान्यात घातली की उलटतपासणीत पहिला प्रश्न तोच येतो: डॉक्टर, ही तुम्ही डोळ्यांनी पाहिली का?